देवमनला रुसता येत नाही

माणूस खानदानी आहे की नाही हे त्याच्या वावरावरून, बंगल्यावरून किंवा आडनावावरून ठरत नाही. ते ठरते तो किती लवकर रुसतो आणि किती उशिरा उठतो यावरून. वावर विकता येते, बंगल्याला ओल येते, आडनाव तर कोणीही लावू शकतो. पण भरल्या मांडवातून ताडकन उठणे, कोणाकडेही न बघता पण सगळ्यांना दिसेल अशा वाटेने निघणे, आणि लांब, पण हाक ऐकू येईल इतक्याच लांब जाऊन बसणे, याला तीन पिढ्यांचे संस्कार लागतात.

या कलेची हेळसांड होऊ नये म्हणून अमरावतीच्या कॅम्प भागातल्या काही जुन्या घराण्यांनी 'खानदानी सोयरे मंडळ' स्थापन केले आहे. कार्यक्षेत्र अमरावती आणि अकोला जिल्हे. (धामणगाव रेल्वेची मंडळी २०११ पासून मंडळावरच रुसलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या सदस्यत्वाबद्दल कोणालाही शंका नाही.) मंडळाच्या अध्यक्ष सुभद्राबाई. त्यांच्या नावावर चौदा मान्यताप्राप्त रुसवे आहेत. मोर्शीच्या एका घरचे पाणी त्या पीत नाहीत, कारण त्या घरच्या बारशात त्यांना पेढा डाव्या हाताने दिला गेला होता. ते बारसे ज्याचे होते तो मुलगा आता बँकेत मॅनेजर आहे.

मंडळाने रुसव्याची शास्त्रशुद्ध प्रतवारी केली आहे. नाव खाली छापले गेले तर पत्रिकेचा रुसवा, वाढपी आधी शेजाऱ्याकडे वळला तर ताटाचा, फोटोत अर्धाच चेहरा आला तर फोटोचा. त्यावर फेट्याचा. आणि सगळ्यांत वर विनाकारण रुसवा, ज्याची परवानगी मंडळ फार विचार करून देते. रुसलेल्याची समजूत काढायला तीन जथ्थे जातात. पहिला पोरासोरांचा, त्याला उत्तर द्यायचे नाही. दुसरा जावई-मेहुण्यांचा, त्याला "माहं काही नाही बाप्पा, तुमी करा तुमचं लगन" एवढेच म्हणायचे. तिसऱ्या जथ्थ्यात यजमान स्वतः येतो आणि टोपी हातात घेतो. तेव्हा उठायचे, पण गुडघे दुखत असल्यासारखे. मंडळाच्या पाहणीनुसार वऱ्हाडात एका लग्नामागे सरासरी साडेतीन रुसवे होतात. (अर्धा म्हणजे माणूस रुसतो, पण कोणाच्या लक्षात येत नाही.)

अशा या समाजात दाखल व्हायला गेल्या उन्हाळ्यात देवमन आला. वय एकोणतीस, शिक्षण नाही, राहणार मेळघाटातली एक सोडून दिलेली टिनाची खोली. परतवाड्याहून वडापच्या जीपने तो अमरावतीत उतरला आणि पायीच कॅम्पात आला, कारण ऑटोवाल्याने विचारले "कुठं जाचं?" आणि देवमनने सांगितले "घरी."

देवमन रानात वाढला हे खरे, पण तो रानातला नव्हता. सुभद्राबाई आणि भगवंतराव यांचा मधला भाऊ शेखर, त्याचा हा मुलगा. १९९७ च्या मे महिन्यात सुभद्राबाईंचे लग्न झाले. त्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले विनीत' या सदरात शेखरचे, म्हणजे नवरीच्या सख्ख्या भावाचे नाव सातवे छापले गेले. एका मावसभावाच्याही खाली. (प्रेसवाल्याची चूक, असे भगवंतराव सांगतात. मसुदा भगवंतरावांच्या अक्षरात आहे.) शेखर मांडवातून उठला, बायको माणिकबाई आणि वर्षाचा देवमन यांना जीपमध्ये घातले आणि थेट डोंगर चढून गेला. एवढ्या लांबचा रुसवा त्याआधी कोणी केला नव्हता. सगळे लग्न थक्क झाले.

रीतीप्रमाणे समजूत काढायला जथ्थे निघाले. पहिला जथ्था परतवाड्यात चहा पिऊन परत आला, आणि त्याचे काम तेवढेच असते. दुसऱ्या जथ्थ्यात भगवंतरावांचे मेहुणे होते. त्यांना जीपमध्ये पुढची सीट मिळाली नाही म्हणून ते परतवाड्याच्या स्टँडवर स्वतःच रुसले. त्यांची समजूत काढता काढता दिवस मावळला. आता दुसरा जथ्था परत येऊन निरोप देत नाही तोवर तिसऱ्याने निघायचे नसते. मेहुणे परतवाड्याहून परस्पर आपल्या गावी गेले, ते निरोप द्यायला आलेच नाहीत. त्यामुळे तिसरा जथ्था, म्हणजे स्वतः भगवंतराव, निघाले नाहीत. अठ्ठावीस वर्षे ते निघण्याच्या तयारीत होते.

वर शेखरने टिनाच्या खोलीत बस्तान मांडले. आठ दिवसांसाठी कशाला घर बांधायचे, म्हणून बांधले नाही. पुढे तो जंगलखात्याच्या रोजंदारीवर वणवा अडवणाऱ्या जाळरेषा कापू लागला. घरात छापील कागद एकच होता, ती पत्रिका. देवमन तिच्यावरच अक्षरे शिकला. 'श्री गजानन प्रसन्न' पासून 'आहेर आणू नये' पर्यंत त्याला सगळे वाचता येते. बाकीचे शिक्षण त्याने वनमजूर डोमाजीकडून घेतले. त्यातला पहिला धडा असा, की जे जनावर एकटे, सावलीत, पाठ फिरवून बसले आहे त्याच्या वाटेला जायचे नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ द्यायचे नाही. या एका धड्यावर देवमन अठ्ठावीस वर्षे जिवंत राहिला.

दोन वर्षांपूर्वी शेखर वारला. जाताना त्याने माणिकबाईला बजावले, भगवंतराव स्वतः न्यायला आल्याशिवाय उतरायचे नाही. माणिकबाई उतरली नाही. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पत्रिकेतली अक्षरे तिला दिसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात ती ओढ्याला जाताना दोनदा पडली. पुढचा पावसाळा लागायच्या आत तिला खाली आणायचे, एवढ्यासाठी देवमन आला होता. इतके साधे काम होते.

हॉलमध्ये सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. देवमनने पत्रिकेतल्या क्रमाने प्रत्येकाच्या पाया पडायला सुरुवात केली. सहा नावे झाल्यावर तो क्षणभर थांबला, आणि मग आठव्याच्या पाया पडला. त्या वेळी भगवंतराव खिडकीबाहेर बघत होते.

"मोठे बाबा," देवमन म्हणाला, "आईनं सांगतलं, तुमी न्याले या. तिले दिसून नाही राहिलं."

भगवंतराव अर्धे उठले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गाडीची किल्ली चाचपलीसुद्धा. पण सुभद्राबाईंनी घसा खाकरला आणि ते परत बसले.

मंडळाचे म्हणणे अगदी रास्त होते. समजूत काढायला बोलावणे हे मानाचे काम आहे. ज्याला स्वतःचा मान आहे तोच दुसऱ्याला मानाने बोलावू शकतो. मान आहे की नाही हे तो दुखावल्यावरच कळते. देवमन आजवर एकदाही दुखावला गेला नव्हता. सबब त्याला मान नव्हता, आणि सबब त्याच्या बोलावण्यावर भगवंतरावांना जाता येत नव्हते. देवमनने आधी एक रीतसर रुसवा करून दाखवावा, तो तिन्ही जथ्थ्यांनी काढावा, मग त्याला खानदानात दाखल करून त्याच्या बोलावण्याचा विचार करू, असे ठरले. मंडळाचे अकोल्यातले सदस्य ओमप्रकाशराव यांच्या मुलीचे, प्रणालीचे लग्न तीन आठवड्यांवर होते. ते देवमनच्या परीक्षेचे ठिकाण नेमण्यात आले.

शिकवणीची जबाबदारी सुभद्राबाईंनी स्वतःकडे घेतली. पहिल्या दिवशी पंगतीत वाढप्याने मुद्दाम देवमनचे ताट ओलांडले. देवमन उठून पुढच्या रिकाम्या ताटावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आले की तुझा अपमान झाला आहे, तर कंपाउंडातल्या निंबाखाली जाऊन बस. तो तासाभराने निंबावरच्या मोहोळाचा मध घेऊन परत आला आणि सगळ्यांना वाटला. तिसऱ्या दिवशी मात्र तो बरोबर बसला. पाठ फिरवलेली, मान किंचित खाली. सुभद्राबाईंचे डोळे भरून आले, त्यांना शेखर आठवला. इतक्यात पहिल्या जथ्थ्यातल्या एका पोराने हाक मारली, "चाल दादा, जेवाले," आणि देवमन उठला.

"अरे, पहिल्याच हाकेले उठला?" सुभद्राबाई कळवळल्या.

"भूक लागली व्हती, आत्या."

"भूक लागली म्हणून कोणी जेवते काय?"

देवमनला हे नवीन होते. त्याने मन लावून ऐकले. रात्री अंथरुणावर पडून तो विचार करीत राही. रानात राग येतो, नाही असे नाही. पण अस्वलाला राग आला तर ते येते. इथे राग आला की माणूस जातो, आणि ज्याच्यावर राग आहे त्यानेच मागे यावे म्हणून वाट पाहतो. यात शिकार कोण आणि शिकारी कोण हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. पण आई वर होती आणि मृगाचा पाऊस जवळ येत होता, म्हणून तो रोज सकाळी निंबाखाली जाऊन पाठ फिरवण्याचा सराव करी.

लग्नाच्या दिवशी अकोल्याने आपल्या लौकिकाला साजेसे ऊन काढले होते. कार्यक्रम असा ठरला होता: साडेबाराला घरच्या मंडळींचा फोटो, फोटोत देवमनला बोलवायचे नाही, त्याने उठायचे, दीडपर्यंत पहिले दोन जथ्थे, पावणेदोनला ओमप्रकाशराव टोपी घेऊन. वाढप्यांनाही वेळ कळवली होती. देवमनला इस्त्रीचा कुडता घातला होता आणि तो ओठातल्या ओठात घोकत होता, "माहं काही नाही बाप्पा, तुमी करा तुमचं लगन."

पण अकरा चाळीसला भगवंतराव रुसले.

कारण वाजवी होते. त्यांच्या फेट्याचा तुरा एका प्लॉटवाल्या पाहुण्याच्या तुऱ्यापेक्षा चार बोटे आखूड निघाला. ते ताडकन उठले, सगळ्यांना दिसेल अशा वाटेने निघाले आणि लॉनच्या टोकाला निंबाच्या सावलीत उभ्या असलेल्या आपल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले, लग्नाकडे पाठ करून. (पूर्वी आंब्याखाली रुसत. आता एसी लावून रुसतात. काच खाली करणे म्हणजे अर्धी समजूत निघाली असे मंडळ धरते, म्हणून काच बंद ठेवावी लागते.) ड्रायव्हर रीतीप्रमाणे जेवायला निघून गेला.

देवमनने हे पाहिले. एकटा, सावलीत, पाठ फिरवून. तीन आठवड्यांत शिकलेले सगळे त्या क्षणी त्याच्या डोक्यातून गेले आणि अठ्ठावीस वर्षांचे शिकलेले वर आले. तो धावत गेला आणि गाडीपासून वीस पावलांवर वाट अडवून उभा राहिला.

पहिला जथ्था आला. देवमनने बोट ओठांवर ठेवले आणि त्यांना हळूच मागे फिरवले. दुसऱ्या जथ्थ्यात अकोल्याचे दोन जावई होते. "कोणी जाऊ नका," देवमन दबक्या आवाजात म्हणाला. "त्यायले एकटं राहू द्या. आता जवळ गेलं त लय वाईट होईन." त्याच्या चेहऱ्यावर इतकी खरी काळजी होती की जावई गेले. थोड्या वेळाने स्वतः ओमप्रकाशराव टोपी हातात घेऊन आले. देवमनने त्यांच्या हातातली टोपी घेतली, अदबीने परत त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना खांद्याला धरून मांडवाकडे वळवले.

पुढे जे घडले त्याला वऱ्हाडाच्या इतिहासात तोड नाही. लग्न लागले. अक्षता पडल्या, फोटो झाले, बुंदी संपली, मठ्ठा उरला. कोणाचे काही अडले नाही. दीड वाजेपर्यंत 'भगवंतराव कुठं हायेत?' असे चार जणांनी विचारले, दोननंतर कोणी विचारले नाही. मंडळाच्या भाषेत सांगायचे तर खानदानातला पहिल्या क्रमांकाचा माणूस अर्धा झाला.

गाडीतल्या भगवंतरावांनी पहिला तास बरा काढला. दुसऱ्या तासात गाडीतले डिझेल संपले आणि एसी बंद पडला. काच खाली करता येत नव्हती, आरशात मागचे लग्न दिसत होते, आणि त्या लग्नातून कोणीही येत नव्हते. हे असे कधी झाले नव्हते. बासष्ट वर्षांत ते कुठेही रुसले तरी मागे चपलांचा आवाज आला होता. आज फक्त बँडचा येत होता. त्यांना फार भीती वाटली. तुऱ्याची वगैरे नव्हे, साधी, लहान पोराला जत्रेत वाटते तशी.

देवमनला लांबून काचेवर घामेजलेले कपाळ दिसले. उन्हाने तहानलेल्या जनावरासाठी काय करायचे तेही डोमाजीने शिकवले होते. त्याने एका ताटात पुरी-भाजी घेतली, तांब्याभर मठ्ठा घेतला, दोन्ही गाडीच्या दाराशी जमिनीवर ठेवले, दार बोटभर उघडले आणि वीस पावले मागे जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. बघायचे नाही. बघितले तर ते पीत नाही.

बराच वेळ काही झाले नाही. मग तांब्याचा आवाज आला. कोणी पाहत नव्हते, त्यामुळे ते नियमात बसत नव्हते आणि नियमाबाहेरही जात नव्हते. भगवंतरावांनी चारही पुऱ्या खाल्ल्या.

"देवमन," थोड्या वेळाने आवाज आला. "कोणी आलं नाही काय रे?"

"आले व्हते मोठे बाबा. तिन्ही जथ्थे आले. मी वापस पाठवले."

"काहून?"

"तुमी पाठ फिरवून बसले व्हते. मले वाटलं, तुमाले कोणी नाही पाह्यजे."

भगवंतरावांना रागवायचे होते, पण समोर जो उभा होता त्याच्या तोंडावर लबाडीचा मागमूस नव्हता. आणि चेहरा हुबेहूब शेखरचा.

"तुह्या बाबानं," ते म्हणाले. "शेखरनं किती दिवस वाट पाह्यली?"

"रोज पाहे. सांज झाली की रस्त्याकडं तोंड करून बसे. मले म्हणे, तुहे कान तेज हायेत, मोटारीचा आवाज आला त सांगजो." देवमनने खाली ठेवलेला तांब्या उचलला. "त्यायनं कधी पाठ फिरवली नाही, मोठे बाबा. म्हणून मले ते रुसले व्हते हे मालूमच नव्हतं."

ओमप्रकाशरावांच्या ड्रायव्हरने कॅनमध्ये डिझेल आणून दिले. भगवंतरावांनी कोणाचा निरोप घेतला नाही आणि देवमनला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवायला घेतली. परतवाड्याच्या स्टँडवर त्यांनी गाडी क्षणभर हळू केली, मग वेग वाढवला. घाट चढताना ते तिसऱ्या जथ्थ्याचे वाक्य पुटपुटत होते: चूक आमची झाली, मोठ्या मनानं पदरात घ्या. दिवस मावळायच्या आत ते टिनाच्या खोलीशी पोचले. अकोल्याहून चार तास लागले. अमरावतीहून साडेतीन लागतात.

माणिकबाई दारात तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. भगवंतरावांनी आखूड तुऱ्याचा फेटा काढून हातात घेतला. अठ्ठावीस वर्षे तयार असलेले वाक्य त्यांना त्या वेळी आठवले नाही.

"भाऊजी आले काय?" तिने डोक्यावर पदर घेतला. "आवाज ओळखू नाही आला. मोटार बदलली वाटते."

"माणिकबाई, रुसवा सोड," भगवंतराव कसेबसे म्हणाले. "चाल घरी."

"मी कुठं रुसली व्हती?" माणिकबाई म्हणाली. "रुसवा त्यायचा, राखन माही. मले त कोणी विचारलंच नाही भाऊजी, तू रुसली काय म्हणून. जेवले काय तुमी?"

भगवंतराव तिथेच ओट्यावर बसले आणि रडले. देवमन लगबगीने वीस पावले मागे गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. या वेळी त्यालाही डोळे पुसायचे होते.

माणिकबाईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. ती आता कॅम्पात राहते आणि हॉलमधल्या बायका कशाकशावर रुसतात ते स्वच्छ पाहते. मंडळाने तातडीची बैठक घेतली. समजूत न काढता सुटलेल्या रुसव्याला मान्यता द्यावी का यावर दुमत झाले, आणि दोन्ही बाजू रुसून निघून गेल्याने ठराव बारगळला. देवमनचा अर्ज अजून प्रलंबित आहे, कारण त्याला रुसता येत नाही ते नाहीच. मात्र मंडळाला त्याचा एक उपयोग कळला आहे. आता लग्नाची पत्रिका छापायला टाकतात तेव्हाच देवमनला बोलावणे जाते. कोणी उठून गेले की तो मागोमाग जातो, वीस पावलांवर उभा राहतो आणि अत्यंत अदबीने कोणालाही जवळ जाऊ देत नाही. अमरावती-अकोला विभागात रुसव्याचा सरासरी काळ दोन तास दहा मिनिटांवरून अकरा मिनिटांवर आला आहे.

हे वाचताना तुम्हाला एक नाव आठवले आहे. वर्षे झाली, कोणत्या कार्यात काय झाले तेही आता नीट सांगता येणार नाही, पण पहिला फोन त्याने करावा असे तुमचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. तेव्हा तुम्ही बसा. घाई नाही. तुमचा पत्ता देवमनला कळवला आहे. तो दाराशी उभा राहील आणि कोणाला आत येऊ देणार नाही.